ब्लॉक बसवण्याआधी : घरापुढच्या फरसबंदीचं काम देताना

दिवाळी झाली की बंगल्यांच्या आणि रो-हाउसच्या गल्ल्यांमध्ये एक काम हमखास निघतं : गेटपासून पोर्चपर्यंतची वाट नव्यानं करायची. जुनी शहाबादी फरशी फुटलेली असते, कोब्याला भेगा पडलेल्या असतात, नाहीतर नव्या घरापुढे नुसता मुरूम पसरलेला असतो. ओळखीतून एखादा ठेकेदार येतो, पावलांनी जागा मोजतो, मोबाइलवर ब्लॉकचे फोटो दाखवतो आणि चौरस फुटाचा भाव सांगतो. घरची मंडळी रंग निवडतात. आठवडाभरात काम उरकतं, अंगण झकास दिसतं. मग जुलैची पहिली झड येते. चाकं जिथून जातात तिथं चाकोरी पडते, चेंबरभोवतीचे ब्लॉक खचतात, पोर्चच्या पायरीशी पाणी तुंबतं. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणतो, ‘साहेब, जमीनच बसली, त्याला मी काय करू?’

जमीन खरंच बसलेली असते, पण ती बसू नये याचेच तर पैसे दिलेले असतात. या कामात डोळ्यांना दिसतो तो वरचा दोन-अडीच इंचांचा थर. गाडीचं वजन पेलतो तो त्याखालचा दहा-बारा इंचांचा भराव, आणि तो एकदा झाकला की कुणालाच दिसत नाही. काटकसर होते ती तिथं आणि घाई होते तीही तिथंच. म्हणून जे झाकलं जाणार आहे ते आधी लिहून घ्या, झाकण्यापूर्वी स्वतः पाहा आणि हप्ते त्या पाहणीला बांधा. रंग आणि नक्षी त्यानंतर ठरवली तरी चालतं.

ठेकेदाराला बोलावण्यापूर्वी

भाव विचारण्याआधी आपली जागा आपल्याला नीट माहीत हवी. एखाद्या सुटीच्या दिवशी टेप, वही आणि खडू घेऊन अंगणात उतरा.

आधी पाण्याचा विचार करा. पावसाचं पाणी घराकडून रस्त्याकडे गेलं पाहिजे. साधारण ६० फुटांना १ फूट ढाळ पुरतो. म्हणजे घरापासून गेटपर्यंत ४० फूट लांबी असेल, तर गेटपाशी पातळी ८ इंच खाली हवी. तेवढा फरक मिळतो का, हे लेव्हल पाइपनं पाहता येतं. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक जोत्याला आणि दुसरं गेटच्या खांबाला धरायचं, नळीतलं पाणी थांबलं की दोन्हीकडे पेन्सिलीची खूण करायची. दोन माणसांचं दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढची बरीच भांडणं त्यात मिटतात. त्या खुणा भिंतीवर राहू द्या. काम संपल्यावर याच खुणांवरून माप घेता येईल.

आपल्याकडे अनेक वस्त्यांत रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढले आणि रस्ता घरांपेक्षा उंच झाला. तुमच्या गेटबाहेर तसं असेल, तर पाणी बाहेर जाणारच नाही, उलट आत येईल. अशा ठिकाणी गेटच्या आतल्या बाजूला आडवी जाळीची गटार करून पाणी शोषखड्ड्याकडे किंवा पावसाळी गटाराकडे न्यावं लागतं. हे काम ठेकेदाराच्या भावात नसतं. आधी बोललात तर खर्च कळेल. नंतर आठवलं तर नवे ब्लॉक उखडावे लागतील.

मग माती पाहा. सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा, विदर्भ या भागांत काळी माती असते. ती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काहीही बसवलं तरी ते हलणारच. अशा ठिकाणी काळी माती दीड-दोन फूट खणून काढावी लागते आणि चांगल्या मुरुमाचा भराव थराथरानं दाबून घालावा लागतो. कोकणात आणि गोव्यात लाल जांभ्याची जमीन आहे, ती पाणी लवकर सोडते. तिथली अडचण म्हणजे धो धो पाऊस आणि शेवाळ. गुळगुळीत, चकचकीत ब्लॉक तिथं पावसाळ्यात घसरगुंडी होतात. खरखरीत पृष्ठभागच घ्यावा.

घर नवं असेल आणि पाइपलाइन किंवा ड्रेनेजसाठी चर खणून बुजवले असतील, तर त्या भरावाला एक पावसाळा मिळू द्या. पाणी मुरून माती आपोआप बसते. ही सवड न देता केलेलं काम पहिल्या वर्षीच चराच्या रेषेत खचतं.

जमिनीखाली काय काय आहे, याचा एक साधा नकाशा काढा : ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची लाइन, अर्थिंगचा खड्डा, विजेची केबल, गॅसची पाइप. जमिनीखालची पाण्याची टाकी किंवा सेप्टिक टँक गाडीच्या वाटेत येत असेल, तर हे काम फरसबंदीवाल्याचं नाही. त्या टाकीचा स्लॅब गाडीच्या वजनासाठी केलेला आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. इथं चूक झाली तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं. आणि अंगणात पाण्याचा टँकर येत असेल तर तो हिशेबात धरा. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच १० टन असतं. घरच्या गाडीसाठी केलेला थर त्याखाली टिकत नाही.

काय बसवायचं?

मुख्यतः दोन पर्याय असतात : सिमेंटचे पेव्हर ब्लॉक आणि जागेवर ओतलेलं काँक्रीट. शहाबादी किंवा कोट्याची फरशी चालण्याच्या वाटेला उत्तम, पण खाली पक्कं काँक्रीट नसेल तर गाडीखाली ती तडकते.

ब्लॉकचा मोठा गुण असा की काही बिघडलं तर तेवढेच ब्लॉक उचलून खालची दुरुस्ती करता येते. ज्या अंगणात पुढं केबल, पाइप टाकायचे आहेत तिथं ब्लॉक बरे. शिवाय सांध्यांतून थोडं पाणी मुरतं. काँक्रीट एकसंध असतं, त्यात गवत उगवत नाही आणि ते झाडायला सोपं. मात्र भेग पडली की ती झाकता येत नाही आणि खालची पाइप फुटली तर कटर लावावा लागतो.

ब्लॉक घेताना जाडी आणि ग्रेड विचारा. पेव्हर ब्लॉकसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. चालण्याच्या जागेला ५० मिमी आणि एम-३०, घरच्या गाड्यांना ६० मिमी आणि एम-३५ हे साधारण गणित. टँकर किंवा टेम्पो येत असेल तर ८० मिमी आणि एम-४० घ्या. बाजारात रबर मोल्डमध्ये ओतलेले चकचकीत ब्लॉक आणि मशीनवर दाबून केलेले ब्लॉक असे दोन्ही मिळतात. गाडीच्या जागेला मशीनवर दाबलेले घ्या.

ब्लॉकची एक ढोबळ परीक्षा घरीही करता येते. दोन-तीन नमुने मागून घ्या, कडक उन्हात नीट वाळवा आणि वजन करा. मग २४ तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा वजन करा. मानकाप्रमाणे ब्लॉकनं सरासरी ६ टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. २०० बाय १०० मिमीचा, ६० मिमी जाडीचा ब्लॉक पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. तो १६५ ग्रॅमहून जास्त पाणी पीत असेल, तर माल सच्छिद्र आहे, तो घेऊ नका. कारखान्यात ब्लॉक कधी पाडले, ही तारीखही विचारा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशेबानं धरतात. कालपरवा पाडलेला माल गाडीत भरून येत असेल, तर त्याच्या कडा हाताळतानाच झडतील.

ठेकेदार कसा पारखावा

किमान तीन ठेकेदारांना प्रत्यक्ष जागेवर बोलावा. फोनवर भाव देणाऱ्यानं तुमची माती पाहिलेली नसते. जो येऊन आधी पाणी कुठं जातं ते विचारतो, पहार मारून जमीन पाहतो, चेंबरची झाकणं उघडायला सांगतो, त्याला काम कळतं. जो आल्या आल्या रंगाचा कॅटलॉग पुढं करतो, त्याला आणखी प्रश्न विचारा.

फोटोंवर विसंबू नका. ‘दोन पावसाळे झालेलं तुमचं एखादं काम दाखवा’ एवढंच म्हणा. नुकतं झालेलं काम सगळ्यांचंच सुंदर असतं. जुन्या कामावर गेलात की तीन जागा पाहा : चाकं जातात ती पट्टी, चेंबरभोवतीची कड आणि कुंपणाच्या बाजूचा काठ. ब्लॉकवरून चालताना पायाखाली खडखड वाजत असतील, तर खालचा थर धुऊन गेला आहे. काठाकडचे ब्लॉक सरकून सांधे रुंद झाले असतील, तर काठ पक्का बांधलेला नाही. आणि त्या घरातल्या माणसांना एक प्रश्न जरूर विचारा : तक्रार केल्यावर हा माणूस परत आला होता का? पहिल्या फेरीला सगळेच येतात. दुसऱ्या फेरीला येणारा ठेकेदार हवा.

काम प्रत्यक्ष कोण करणार हेही विचारून घ्या. बोलणी करणारा एक, मजुरांची टोळी दुसऱ्याची आणि मुकादम तिसराच, असं बऱ्याचदा असतं. जागेवर रोज कोण उभा राहणार, त्याचं नाव आणि नंबर घ्या. ‘शेजारी काम चालूच आहे, त्याच गाडीत तुमचंही उरकून टाकतो’ असं कुणी म्हणालं, तर भाव कितीही कमी असला तरी दोन दिवस मागून घ्या. फरसबंदीचं काम असं नसतंच की आज दिलं नाही तर कायमचं हुकलं.

कोटेशनमध्ये काय लिहिलेलं हवं

‘६० मिमी ब्लॉक मटेरियल-लेबरसह, अमुक रुपये चौरस फूट.’ एवढ्या एका ओळीचं कोटेशन घेऊ नका. तीन ठेकेदारांचे तीन भाव आले तरी त्यांची तुलना होत नाही, कारण प्रत्येकाच्या मनातला खालचा थर वेगळा असतो. स्वस्त भावाच्या माणसानं बहुधा तो थर धरलेलाच नसतो.

उदाहरण घेऊ. ४० फूट लांब आणि १२ फूट रुंद वाट, म्हणजे ४८० चौरस फूट. जमीन बऱ्यापैकी कठीण आहे आणि घरच्या गाड्याच येणार आहेत. दाबल्यानंतर ६ इंच मुरूम, त्यावर ४ इंच खडी-कचेचा थर, दीड इंच वाळू आणि ६० मिमी ब्लॉक, असं काम ठरलं. आता हिशेब मांडा.

मुरूम : ४८० चौरस फुटांवर अर्धा फूट, म्हणजे २४० घनफूट. दाबल्यावर तो बसतो, म्हणून सुट्टा सुमारे पाव भाग जास्त लागतो. १०० घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा साधारण ३ ब्रास. खडी-कच : ४ इंचांचे १६० घनफूट, सुट्टा माल २ ब्रास. वाळू : ६० घनफूट, पाऊण ब्रासच्या आत. ब्लॉक : ४८० चौरस फूट आणि काप-तुटीसाठी ३ ते ५ टक्के जास्त. खोदाई : सगळे थर मिळून सुमारे १४ इंच, म्हणजे साडेपाच ब्रासहून जास्त माती, आणि खणल्यावर ती फुलून सातच्या आसपास जाते. ही माती कुठं टाकायची, गाडी कुणाची? ‘माती उचलणं वेगळं’ हे वाक्य काम निम्मं झाल्यावर ऐकायचं नसेल, तर ते कोटेशनमध्येच ठरवा.

हे आकडे तुमच्या वहीत असले की ठेकेदाराशी बोलण्याचा सूर बदलतो. कुणी एक ब्रास मुरुमात भागवतो म्हणाला, तर थर दोन इंचांचाच पडणार, हे तुम्हाला कळतं.

याशिवाय कागदावर एवढं तरी हवं : खोदाई किती खोल. प्रत्येक थराची जाडी आणि ती ‘दाबल्यानंतरची’ असल्याचा स्पष्ट उल्लेख. दाबायला कोणतं यंत्र, रोलर की प्लेट कॉम्पॅक्टर. ब्लॉकची जाडी, ग्रेड, कारखान्याचं नाव. काठाला कर्ब किंवा काँक्रीटची पट्टी, तिचं माप. चेंबरची झाकणं नव्या पातळीला उचलून देणं. ढाळ कुठून कुठं आणि किती. जुनी फरशी उखडणं, राडारोडा नेणं. पाणी आणि वीज कुणाची. माप कसं धरणार, चेंबर आणि झाडाची आळी वजा होणार का. सुरुवात आणि शेवटाची तारीख. जीएसटी धरून की वेगळा. वेगळा सांगितला तर जीएसटी क्रमांक घ्या आणि तो सरकारी पोर्टलवर तपासा. बिलावर क्रमांक नसेल तर जीएसटी देण्याचं कारण नाही.

जुन्या कोब्यावरच ब्लॉक टाकू, असा सल्ला मिळेल. खोदाई वाचते म्हणून तो गोड वाटतो. पण पातळी तीन-चार इंचांनी वर येते, गेट घासायला लागतं, पोर्चची पायरी बुटकी होते आणि पावसाचं पाणी जोत्याच्या जवळ येतं. पूर्ण झालेली पातळी जोत्याच्या किमान सहा इंच खाली राहायलाच हवी. तेवढी जागा नसेल तर जुनं उखडण्याला पर्याय नाही.

दोन गोष्टी आपणहून मागून घ्या, त्या कुणी सुचवत नाही. एक, वाटेखालून आडवी एक-दोन रिकामी ४ इंची पीव्हीसी पाइप टाकून दोन्ही टोकं बंद करून ठेवा. उद्या विजेच्या गाडीचा चार्जर, कॅमेरा किंवा बागेची लाइन घ्यायची झाली, तर काहीही उखडावं लागणार नाही. दुसरी, झाडाच्या बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवा. आंब्या-नारळाला गळ्यापर्यंत सिमेंटनं आवळलं तर मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, आणि मुळं जोरात वाढली तर ब्लॉक उचलतात.

गेटबाहेरचा उतार सार्वजनिक जागेत येतो. तिथं रस्त्याकडेचं गटार बुजवू नका. नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची, आणि सोसायटीत राहत असाल तर सोसायटीची, परवानगी आधी घ्या.

पैसे कसे द्यावेत

ठेकेदाराला मजुरांना उचल द्यावी लागते, माल रोखीनं आणावा लागतो. त्यामुळं आगाऊ रक्कम मागण्यात गैर काही नाही. पण निम्मे पैसे आधी देऊन टाकले, की तुमच्या हातात विनंतीशिवाय काही उरत नाही. हप्ते असे पाडता येतील : काम सुरू होताना १५ टक्के. मुरूम-खडीचे थर दाबून झाले आणि तुम्ही मापून पाहिले की २५. ब्लॉक जागेवर उतरल्यावर ३०. काम पूर्ण होऊन पाण्याची चाचणी झाली की २०. उरलेले १० टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर. शेवटच्या हप्त्यावर ठेकेदार कुरकुर करतील. मात्र स्वतःच्या कामाची खात्री असलेला माणूस थोड्या घासाघिशीनंतर ५ टक्क्यांवर तरी तयार होतो. जो काहीच मागं ठेवू देत नाही, त्याच्या तोंडी हमीला फारसा अर्थ नाही.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, रोख दिले तर सही घ्या. आणि तुमच्या बाजूनंही शब्द पाळा. पाहणी ठरल्या दिवशी करा, हप्ता त्याच दिवशी द्या. तुमचे पैसे अडकले की त्या टोळीची मजुरी अडकते, आणि मजूर उठून दुसऱ्या कामावर गेले की तुमचं अंगण खणलेलंच राहतं. कामाच्या जागी प्यायचं पाणी, सावली आणि स्वच्छतागृह वापरायची मुभा द्या. मजुरांची लहान मुलं कामाला जुंपली जात असतील तर तिथंच थांबवा. ते कायद्यानंही चालत नाही.

काम चालू असताना काय पाहायचं

दिवसभर उभं राहायची गरज नाही. मोक्याच्या वेळी हजर राहा.

माल उतरताना टेप घेऊन जा. टेम्पोच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणाकार करा, शंभरानं भागा. १० बाय ६ चा हौदा आणि माल २ फूट भरला असेल, तर १२० घनफूट, म्हणजे सव्वा ब्रासही नाही. पावतीवर दोन ब्रास लिहिलं असेल तर ते मोजमाप समोरच दाखवा. कडेला उंच आणि मध्ये खोलगट भरलेला माल असेल, तर उंची मधोमध मोजा.

भराव घालताना पुन्हा हजर राहा. मुरूम एकदम ओतून वरून एकदा यंत्र फिरवलं, तर फक्त वरचा भाग दबतो. थर सहा इंचांहून जाड नको. प्रत्येक थरावर पाणी मारून मग दाबायचं. काठाला आणि चेंबरभोवती यंत्र पोचत नाही, तिथं हातानं धुम्मस केलाच पाहिजे. नेमक्या याच जागा पुढं खचतात. दाबलेल्या थरात टाचेनं जोर लावून पाहा, खूण उमटत असेल तर तो अजून कच्चा आहे. दोन-तीन ठिकाणी खड्डा करून फूटपट्टीनं जाडी मोजा, फोटो काढा, मग पुढच्या कामाला होकार द्या. अख्ख्या कामात एवढी एकच पाहणी जमणार असेल, तर हीच करा.

ब्लॉक बसवताना खालचा वाळूचा थर पाहा. तो सारखा आणि एक-दीड इंचांचाच हवा. खडीचा थर खालीवर झाला की तो लपवायला काही ठिकाणी तीन-तीन इंच वाळू किंवा कच भरली जाते, आणि चाकोरी पडते ती तिथंच. धुळीसारखी बारीक कच पाणी धरून ठेवते आणि लगदा होते. जाड, धुतलेली वाळू किंवा धुतलेली क्रश सँड मागा. गाडीच्या वाटेला ब्लॉक एकमेकांत अडकणाऱ्या आडव्या-उभ्या मांडणीत बसवावेत. सरळ ओळींची मांडणी ब्रेक लावताना सरकते. सांधे दोन ते चार मिमीचे, आणि ते बारीक कोरड्या वाळूनं भरून वरून प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, पुन्हा वाळू भरायची. काठाची काँक्रीट पट्टी मजबूत हवी. ब्लॉक एकमेकांना रेटून उभे असतात. काठ सुटला की सगळी रांग सैल होते.

काँक्रीट करत असाल तर पाहणी थोडी वेगळी. ४८० चौरस फुटांवर ५ इंच म्हणजे २०० घनफूट, साधारण ५.७ घनमीटर. जवळपास एका ट्रान्झिट मिक्सरचं काम. चलनावर ग्रेड आणि गाडी भरल्याची वेळ पाहा. भरल्यापासून दोन तासांच्या आत माल ओतून व्हायला हवा. ‘माल घट्ट आहे’ म्हणून कुणी पाइपनं पाणी घालू लागला तर थांबवा. ते पाणी काँक्रीटची ताकद खातं. लोखंडी जाळी जमिनीवर पसरून ठेवलेली असेल तर ती असून नसल्यासारखी. ती कव्हर ब्लॉकवर उचललेली हवी. ८ ते १० फुटांवर सांधे पाडून घ्या, जाडीच्या पाव भागाइतके खोल, दुसऱ्याच दिवशी. काँक्रीटला भेग पडणारच असते. सांधा दिला की ती त्या रेषेत पडते. मग आळी करून पाणी भरा किंवा ओलं गोणपाट टाका. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, उन्हाळ्यात १०, आणि पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस पाणी मारलेलं उत्तम. ठेकेदाराची माणसं त्या वेळी दुसरीकडे असतात, म्हणून हे कुणी करायचं ते आधीच ठरवा. गाडी २८ दिवस बाहेर ठेवता आली तर ठेवा.

काम ताब्यात घेताना

शेवटचा मोठा हप्ता देण्याआधी पाइप लावून पोर्चच्या बाजूनं पाणी सोडा. अर्ध्या तासानं कुठं तळं राहतं ते खडूनं आखा. भिंतीवरच्या जुन्या खुणांवरून ढाळ मोजा. चेंबरची सगळी झाकणं उघडून पाहा, आत सिमेंट-वाळू पडून लाइन तुंबलेली असते. गेट पूर्ण उघडून बंद करा. टेप धरून ठेकेदारासोबत माप घ्या आणि त्या मापावर दोघांनी सही करा. उरलेले दहा-वीस ब्लॉक घरीच ठेवून घ्या. पुढं तोच रंग मिळत नाही.

पावसाळ्यात एखादी जागा खचली तर लगेच फोटो काढून, तारीख घालून ठेकेदाराला व्हॉट्सॲपवर किंवा लेखी कळवा. दुरुस्ती म्हणजे वरून ब्लॉक ठोकून बसवणं नव्हे. तेवढा भाग उचलून, खालचा थर पुन्हा भरून दाबून घ्यायला सांगा. ठेकेदार दाद देत नसेल तर ग्राहक म्हणून तुम्हाला हक्क आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतल्या त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगापुढे तुमचं म्हणणं टिकतं ते सही केलेलं कोटेशन, पैशांच्या पावत्या आणि भराव झाकण्याआधीचे फोटो यांच्या जोरावर.

बहुतेक कामांत ही वेळ येत नाही. चांगले ठेकेदार आहेत, आणि बघणारा मालक त्यांना आवडतो, कारण नीट घातलेल्या थराचा भाव त्यालाच समजावून सांगता येतो. न बघणाऱ्या मालकापुढे त्यांना स्वस्त भाववाल्याशी झुंजावं लागतं आणि शेवटी तेही थर कमी करतात. तेव्हा तीन कोटेशनं हातात आली की खालच्या आकड्याकडे जाण्याआधी एक ओळ शोधा : दाबल्यानंतरच्या थराची जाडी. ती ज्याच्या कागदावर लिहिलेली आहे, बोलणी त्याच्याशी सुरू करा.